सीटी २२ आणि सीटी ३२: मूळ नमुन्यात नेमका किती पट फरक?

प्रश्न (सूक्ष्मजीवशास्त्र, एम.एस्सी. प्रथम वर्ष):
साध्या पीसीआरनंतर (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी अभिक्रिया) अ‍ॅगरोज जेलवर पट्टी पाहताना असे लक्षात आले की, सुरुवातीला डीएनए दहापट जास्त घेतला तरी शेवटची पट्टी जवळपास तेवढीच ठळक दिसते. रिअल-टाइम पीसीआरमध्ये अभिक्रिया तीच असताना मूळ प्रमाण कसे कळते? तसेच एका अहवालात सीटी (लक्ष्य ओळखू येईपर्यंत लागलेल्या सायकलींची संख्या) २२ व दुसऱ्यात ३२ असेल, तर पहिल्यात विषाणू हजारपट आहेत असे म्हणता येईल का?

उत्तर १:
जेलवर आपण अभिक्रियेचा शेवट पाहतो. तोपर्यंत प्रायमर (नक्कल जेथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) कमी झालेले असतात, एन्झाइमची क्षमता उतरलेली असते आणि तयार झालेले धागे प्रायमरला जागा न देता आपसांतच जुळू लागतात. त्यामुळे कमी-अधिक डीएनएने सुरू झालेल्या नळ्या अखेर साधारण एकाच पातळीवर येऊन थांबतात. मूळ प्रमाणाची खूण त्याआधीच्या, म्हणजे दर सायकलला डीएनए दुप्पट होत असतानाच्या टप्प्यात असते, आणि रिअल-टाइम यंत्र नेमके तेथेच मोजमाप करते. १९९२-९३ च्या सुमारास रसेल हिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीतच इथिडियम ब्रोमाइड घालून वाढत जाणारी चमक कॅमेऱ्याने टिपली, तेव्हापासून ही पद्धत रुळत गेली.

आज निदानासाठी बहुधा टॅकमन प्रोब (लक्ष्य डीएनएला जुळणारा छोटा तुकडा) वापरतात. प्रोबच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा क्वेंचर असतो. ९५ अंशांना धागे सुटे होतात, ६० अंशांच्या आसपास प्रायमर व प्रोब आपापल्या जागी बसतात आणि नवा धागा विणत पुढे येणारे टॅक पॉलिमरेज वाटेतला प्रोब तोडते. रंग क्वेंचरपासून सुटतो आणि चमकू लागतो. विषाणू आरएनएचा असेल, तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने आधी त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) करून घ्यावा लागतो. चमक ज्या सायकलला ठरावीक थ्रेशोल्ड ओलांडते ती सायकल म्हणजे सीटी, म्हणून नमुन्यात लक्ष्य जितके जास्त तितका सीटी लहान.

उत्तर २ (निदान प्रयोगशाळेत कार्यरत):
वरील उत्तराला जोडून हजारपटीविषयी लिहितो. दहा सायकलींत दर वेळी अचूक दुप्पट झाली, तर १०२४ पट हे गणित बरोबर आहे. कार्यक्षमता ९० टक्के (म्हणजे दर सायकलला १.९ पट) असेल, तर तोच फरक सुमारे ६१३ पट भरतो. म्हणून आधी दहादहापट विरल केलेल्या प्रमाणित नमुन्यांचा, प्रमाणाच्या लॉगरिदमसमोर सीटी असा आलेख काढावा. त्याचा उतार -३.३२ च्या जवळ असेल तरच दुपटीचे गणित लावावे.

दोन वेगळ्या रुग्णांच्या अहवालांबाबत मात्र मी हजारपट म्हणणार नाही. स्वॅब किती खोलवर घेतला, आरएनए किती निघाला, किट कोणत्या जनुकासाठी आहे, सॉफ्टवेअरने थ्रेशोल्ड कोठे ठेवला, या प्रत्येक गोष्टीने सीटी सरकतो. स्वॅबमध्ये मानवी पेशी आल्या की नाहीत हे पाहण्यासाठी आम्ही आरनेज-पी या मानवी जनुकाचाही वक्र पाहतो. तो उशिरा आला, तर विषाणूचा मोठा सीटी हा कमी संसर्गाचा पुरावा मानत नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडसाठी सीटीची मर्यादा २४ ठेवता येईल का, अशी विचारणा आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) केली होती. परिषदेने ३५ चीच मर्यादा कायम ठेवली. ते योग्यच झाले, कारण २४ वर रेघ मारली असती, तर बरेच संसर्गित लोक निगेटिव्ह ठरले असते.

प्रश्नकर्ती:
दोन्ही उत्तरांसाठी आभार. आमच्या प्रात्यक्षिकात सायबर ग्रीन वापरले होते आणि नमुना न घातलेल्या एनटीसी नळीतही ३७ व्या सायकलला वक्र वर गेला. तो दुर्लक्षित करावा काय?

उत्तर २:
मुळीच नाही. सायबर ग्रीन कोणत्याही दुहेरी डीएनएला चिकटून चमकते, त्यामुळे आधी मेल्ट कर्व्ह (तापमान वाढवताना डीएनएचे धागे कधी सुटतात त्याचा आलेख) पाहावा. शिखर खऱ्या उत्पादनापेक्षा कमी तापमानाला असेल, तर बहुधा प्रायमर डायमर (प्रायमर एकमेकांनाच जुळून तयार झालेला तुकडा) आहे. अशा वेळी प्रायमरचे प्रमाण कमी करून किंवा अ‍ॅनिलिंगचे (प्रायमर जागी बसण्याचे) तापमान एखाद-दोन अंशांनी वाढवून पाहावे. शिखर अगदी उत्पादनाच्याच जागी असेल, तर डीएनए कोठून तरी आत शिरला आहे. मग पाणी, मास्टरमिक्स (अभिक्रियेचे तयार मिश्रण) आणि प्रायमर नव्याने उघडून चाचणी पुन्हा लावावी, मास्टरमिक्स वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या पिपेटने बनवावे, आणि वापरलेल्या प्लेटचे सील न काढता ती तशीच पिशवीत बंद करून टाकावी.