मदत हवी आहे: पावसाळ्यात बाबांच्या कानाच्या मशीनचा आवाज दुपारनंतर बसतो

पाटपाणी
नमस्कार मंडळी. बाबा सावंतवाडीला असतात, वय ७८. दोन्ही कानांना कानामागचं डिजिटल मशीन आहे. १३ नंबरचा सेल (नारिंगी स्टिकरवाला), कानाचं माप घेऊन केलेला मोल्ड. उन्हाळाभर एक तक्रार नव्हती. पाऊस लागल्यापासून उजवं मशीन सकाळी ठणठणीत चालतं, जेवणानंतर आवाज खोल खोल जातो, मधूनच खरखर, आणि दिवेलागणीला मुका. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुरू! नवीन सेल घातला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून सेलची पाकिटं संपत चालली आहेत.
दुकानदार म्हणतो कंपनीकडे पाठवू, दोन-तीन आठवडे धरा. नेमके गणपती तोंडावर. घर भरलेलं असताना बाबा एका कानावर राहिले तर कोपऱ्यात पेपर धरून बसतील, हे मला आत्ताच दिसतंय. मी पुण्यात आहे, गावी धाकटा भाऊ आहे. घरच्या घरी काय तपासता येईल? तांदळाच्या डब्यात ठेवा, असं शेजारच्या काकांनी सुचवलंय. आईने अजून डबा दिलेला नाही.

सायली_के
आईंना म्हणावं, देऊही नका. तांदळाची पूड आणि कणी मायक्रोफोनच्या भोकात गेली तर नवीनच दुखणं. हेअर ड्रायर आणि ऊनही नको.
मी स्वतः बरीच वर्षं मशीन लावते. भावाला आधी डाव्या-उजव्याचे सेल अदलाबदल करून बघायला सांगा. मशीन नाही हं, फक्त सेल! मशीनवर लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची. प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं. सेल बदलूनही उजवंच बसलं तर सेल निर्दोष. मग आवाज बसलेला असतानाच मोल्डची नळी हुकपासून (मशीनचा कानावर अडकणारा वाकडा भाग) अलगद काढायची आणि चालू मशीन मुठीत धरायचं. जोरात शिट्टी आली तर मशीन बोलतंय, अडलंय पुढे नळीत किंवा मोल्डमध्ये. शिट्टी नाही आली तर मात्र दुकान गाठा.

पाटपाणी
धन्यवाद सायली. भावाने काल दुपारी केलं. सेल बदलून फरक नाही. नळी काढल्यावर मुठीत कर्कश शिट्टी, मांजर पळालं. नळी उजेडात धरली तर आत पाण्याचा थेंब! नळी पिवळी पडून कडक झाली आहे. डावी त्यामानाने मऊ आहे.

कर्णोपकर्णी
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. थेंब सापडला हे उत्तम, बहुतेक तोच चोर. कानातली हवा गरम आणि दमट असते. ती नळीत चढते आणि बाहेरच्या गारव्याने तिथे पाणी धरतं. दिवसभरात थेंब मोठा होतो आणि आवाजाची वाट अडते. रात्री मशीन काढून ठेवलं की सुकतो, म्हणून सकाळी सगळं ठीक. सेल बदलताना मशीन थोडा वेळ बाहेर राहतं, झटकलं जातं. त्यामुळे श्रेय सेलला मिळतं.
उजव्या मोल्डला आरपार बारीक भोक असेल, हवा खेळायला ठेवलेलं. ते मळाने बुजलं नाही ना, बघा. मोल्ड नळीसकट मशीनपासून वेगळा करून कोमट साबणपाण्यात धुवा, हवा मारायच्या रबरी फुग्याने नळीतलं पाणी उडवा, रात्रभर सुकवून मगच जोडा. मशीनला पाणी नाही, स्पिरिटही नाही. कोरडं फडकं बास. नळी मात्र नवीन घ्या. साधारण तीन ते सहा महिन्यांत ती बदलायचीच असते आणि त्यासाठी मशीन कंपनीकडे धाडावं लागत नाही, ऑडिओलॉजिस्टकडे बसल्या जागी होतं. दुकानदाराला स्पष्ट "नळी बदलून द्या" म्हणा.
आता महत्त्वाचं. उजवा कान खाजतो का, ठणकतो का, काही येतं का? दमट दिवसांत मोल्डखाली बुरशी सहज धरते. तसं असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत त्या कानात मोल्ड नको.

पाटपाणी
भोक बुजलेलंच होतं! ठणका, स्राव नाही. खाज "थोडी" म्हणाले, आणि बाबांचं थोडी म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे, उद्या दाखवतोय. सिलिका जेलची (ओल शोषणाऱ्या गोळ्यांची) डबी घ्यावी का? सेल आत ठेवूनच मशीन टाकायचं का?

कर्णोपकर्णी
कोकणात तर घ्याच. साधी हवाबंद डबी चालेल, गोळ्यांचा रंग बदलला की गोळ्या बदला. सेल काढून डबीबाहेर ठेवा. हा सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो, त्याला बारीक भोकं असतात. सिलिकात ठेवला तर त्याच्या आतलं पाणीही सुकतं. फ्रिजमध्येही नको. नवीन सेलचा स्टिकर काढल्यावर तीन-चार मिनिटं हवा लागू द्या, मग मशीनचं सेलचं दार लावा. स्टिकर एकदा निघाला की वापरा किंवा न वापरा, सेल उतरतोच, तेव्हा चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही.

सायली_के
आणि भावाला नळी नेताना डावीचीही बदलून आणायला सांगा. ती मऊ असली तरी वय तेच.