शब्दचर्चा : मधमाशीचा ‘कोष’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (कोथरूड) : सातवीच्या मुलांसाठी मधमाशीच्या वाढीचा मराठी तक्ता करते आहे. अंडं, अळी, कोष, प्रौढ माशी असा क्रम लिहिलाय. पण वाचनात ‘राणी प्रत्येक कोषात एक अंडं घालते’ असं वाक्य आलं. अंडं कोषात, आणि पुढे अळीचा पुन्हा कोष! मुलांना काय सांगू? आणि अळीऐवजी ‘डिंभ’ बरा का?

उत्तर : ताई, इथे ‘कोष’ तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो, तिथेच घोळ आहे. पोळ्यातल्या षटकोनी खणाला घर म्हणा. राणी घराच्या तळाशी अंडं उभं चिकटवते, ते हळूहळू कलतं आणि तीन दिवसांनी त्यातून अळी निघते. अळीला पाय नसतात, ती वाटोळी होऊन तळाशी पडून असते, आणि दाई माश्या तिला भरवतात. सुरुवातीला सगळ्याच अळ्यांना माश्यांच्या ग्रंथींतून पाझरणारं अन्न मिळतं. पुढे कामकरी होणारीला मध-परागाचं मिश्रण येतं, राणी होणारीला मात्र शेवटपर्यंत ते ग्रंथींतलं अन्न, म्हणजे राजान्नच. अंडं दोघींचं सारखंच असतं, हे मुलांना जरूर सांगा. तक्त्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट तीच आहे.

अळी पुरती वाढली की कामकरी माश्या घरावर मेणाचं झाकण घालतात. आत अळी स्वतःभोवती रेशमी धाग्याचं पातळ अस्तर विणते आणि मग तिचं रूप पालटतं. रूप पालटणाऱ्या त्या अवस्थेला ‘कोष’ म्हणावं, अस्तराला ‘कोषाचं अस्तर’ किंवा ‘वेष्टन’. माशी बाहेर पडली तरी अस्तर घरातच राहतं. पिढ्यांमागून पिढ्या वाढलेलं पोळं काळपट दिसतं, त्याचं हे एक मोठं कारण.

‘डिंभ’ शास्त्रीय लेखनात चालतो, पण सातवीच्या तक्त्यावर अळीच लिहा. मुलांना तो शब्द वांग्यातल्या अळीपासूनच माहीत असतो.

दुसरं उत्तर : वरच्याशी सहमत. एक भर घालतो. अंडी, अळ्या आणि कोष या सगळ्यांना मिळून मधपाळ ‘पिलावा’ म्हणतात. मधमाश्या पाळायच्या पेटीच्या खालच्या कप्प्याला पिलावा कोठी, वरच्याला मधकोठी. पेटीतली पोळ्याची चौकट उचलून ‘पिलावा कसा आहे?’ असं विचारणं म्हणजे वसाहतीची तब्येत विचारणं. हा शब्द तक्त्याच्या मथळ्यात यायलाच हवा. राणीचं घर आडवं नसून भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबतं, त्याला राणीघर म्हणा.

प्रश्नकर्ती : मथळा बदलते. आणि दिवस?

दुसरं उत्तर : युरोपीय (मेलिफेरा) माशीचे आकडे द्या : अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत राणी १६ दिवस, कामकरी २१, नर २४. आपल्याकडची सातेरी कामकरी थोडी लवकर निघते, म्हणून जातीचं नाव लिहिल्याशिवाय आकडे देऊ नका. पुण्यातच आहात, तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारून मुलांना घेऊन जा. पिलाव्याची चौकट हातात धरून दाखवली, की घर, अळी आणि झाकण हे तिन्ही शब्द त्यांना तिथल्या तिथे लावता येतील. कोष मात्र झाकणाआड असतो, त्याचं चित्र तक्त्यावर मोठं काढा.