मदत हवी आहे: त्या बराकीतल्या पाणीवाल्या तुकडीचा इतिहास कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

प्रोग्रॅमिंग शिकवताना शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्राची आखाती युद्धातली चूक मी दर वर्षी सांगतो. यंत्रणा वेळ ०.१ सेकंदांत मोजायची आणि ०.१ हा आकडा बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या भाषेत) नेमका मावत नाही. यंत्रणा शंभर तासांहून जास्त सलग चालली, घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकलं आणि २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री इराकी स्कड क्षेपणास्त्र न अडवलं जाता सौदीतल्या धाहरानजवळ एका बराकीवर पडलं. २८ ठार. मग फळ्यावर गणित, तास संपला. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, बराकीत होतं कोण?" मी गप्प.

शोधल्यावर कळलं, २८ पैकी १३ जण एकाच तुकडीचे होते. चौदावी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट, अमेरिकी राखीव सेना, गाव ग्रीन्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया. काम पाणी शुद्ध करून सैन्याला पुरवायचं. एकूण माणसं ६९, त्यांतले १३ गेले, ४३ जखमी. राखीव म्हणजे एरवी आपापली नोकरी सांभाळून महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायतीला जाणारे लोक. जानेवारीच्या मध्याला बोलावणं आलं, फोर्ट ली या लष्करी तळावर महिनाभर सराव झाला आणि सौदीत उतरून सहा दिवस होताहेत तोवर हे. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्याच दिवशी धाहरानला पोहोचलं, हा भाग मी वर्गात रंगवून सांगायचो. आता जीभ वळत नाही.

अडचण अशी की जे वाचतो ते त्या रात्रीपाशीच थांबतं. मला तुकडीचा आधीचा-नंतरचा इतिहास हवाय. कुठे विचारू? आणि 'क्वार्टरमास्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद:
सर, फोर्ट लीला क्वार्टरमास्टर कोअरचं संग्रहालय आहे, पहिला ईमेल तिथे टाका. शोधताना 'फोर्ट ग्रेग-ॲडम्स'ही घाला. २०२३ ते २०२५ त्या तळाचं नाव ते होतं. तुकडीच्या नावांत ग्रीन्सबर्गबाहेरची माणसं दिसली तर गोंधळू नका, बोलावणं आलं की राखीव तुकड्यांत दुसरीकडची माणसं घेऊन संख्या पुरी करतात. शब्द म्हणाल तर 'रसद तुकडी' लिहा. 'भांडारपाल' नको, गोदामाच्या किल्ल्या आठवतात.

धागाकर्ता:
आभार! 'रसद' पक्कं. ईमेल आज रात्रीच लिहितो, उत्तर आलं की इथेच टाकेन.