आंब्याच्या हंगामात रविवारचा विसावा: पाळायचा की पुढे ढकलायचा?

वेंगुर्ला_कलमबाग

एप्रिल लागला की आपल्याकडच्या ख्रिस्ती बागायतदारांत एकच सूर ऐकू येतो: आधी आंबा उतरू दे, देवाचं पावसात बघू. मला हे साफ चुकीचं वाटतं. रविवार बंद ठेवायचा तर हंगामातच ठेवला पाहिजे. बायबलमधल्या निर्गम ३४:२१ मध्ये विसाव्याची आज्ञा देताना नांगरणीचे आणि कापणीचे दिवस मुद्दाम नाव घेऊन सांगितले आहेत. माणूस सबब काढणार ते नेमके हेच दिवस.

आणि हे जमण्यासारखं आहे. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ एका दिवसाने हातचं जात नाही. शनिवारी उजाडल्यापासून दहापर्यंत तोडणी करावी, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या तोडणीच्या साधनाने) आणि देठ ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. फळ लगेच सावलीत आणावं. दुपारी प्रतवारी, संध्याकाळी पेट्या भरून गाडी रवाना. पुढची तोडणी सोमवारी पहाटे. फवारणीही एखादा दिवस अलीकडे-पलीकडे झाल्याने बिघडत नाही.

घोळ होतो तो शनिवारीच. 'आणखी दोन झाडं' करत बारा वाजतात, फळ उन्हात तापतं, प्रतवारी रात्रीवर जाते आणि रविवारी सकाळी अर्ध्या पेट्या उघड्याच पडलेल्या असतात. मग मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणार कोण? म्हणून दहाला झेला खाली ठेवायचा, हा नियम रविवारच्या नियमाइतकाच कडक हवा. मिस्सेहून आल्यावर अर्धा तास तरी एकट्याने शांत बसावं, त्या दिवशीचं शुभवर्तमान (मिस्सेत वाचलेला येशूच्या जीवनावरचा उतारा) पुन्हा वाचावं.

अर्नाळा_डोलकर

दादा, बागेला हे जमेल, दर्याला वार नसतो. डोल, म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, चालते पाण्याच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, अष्टमीच्या सुमारास भांग लागला की पाणी मंदावतं आणि जाळ्यात मासळी फारशी येत नाही. रविवार ऐन उधाणात आला आणि होडी बांधून ठेवली, तर नुकसान एकट्या मालकाचं होत नाही, खलाशांचा वाटाही बुडतो.

चर्चचा कायदाही तुम्ही म्हणता इतका ताठर नाही. १९८३ च्या संहितेतला नियम १२४८ सांगतो की आदल्या दिवशी संध्याकाळची मिस्सा धरली जाते. नियम १२४५ प्रमाणे योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे (आपल्या चर्चच्या हद्दीचे) फादर रविवारच्या बंधनातून सूट देऊ शकतात किंवा त्याच्या बदल्यात दुसरं भक्तिकार्य सांगू शकतात. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मिस्सा, रविवारी दर्या आणि विसावा भांगाच्या दिवशी, यात गैर काय? बायबलमध्ये मार्क ६ मध्ये प्रभू येशू शिष्यांना एकांतात विसाव्याला घेऊन गेला, पण लोक आधीच तिथे पोहोचले होते. त्याला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. गरज समोर उभी राहिली की त्याने विसावा बाजूला ठेवला.

वेंगुर्ला_कलमबाग

सूट मागून घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. न विचारता दर रविवारी स्वतःच स्वतःला सूट देणाऱ्याशी आहे. अवकाळीचे ढग भरून आले तर मीही रविवारी तोडणी करा म्हणेन. शब्बाथाला, म्हणजे यहुदी विसाव्याच्या दिवशी, विहिरीत पडलेला बैल काढायचा की नाही, हे लूक १४:५ मध्ये आलंच आहे. पण भांगाचा दिवस दर पंधरवड्याला वेगळ्या वारी येतो. त्या दिवशी मुलं शाळेत, बायको बाजारात मासळीच्या पाटीशी, आणि तुम्ही ओट्यावर जाळं तुणत बसलेले. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतही तेच: इंजिन उघडायचं, होडीला रंग द्यायचा, कर्जाचे हप्ते जुळवायचे. काम थांबत नाही, नुसतं किनाऱ्यावर येतं.

मालवणची_मावशी

तुम्ही दोघे भाऊ झाड आणि होडी यांच्यापुढे जातच नाही आहात. रविवार 'पाळला' की घरात पाहुणे येतात आणि वडे-सागुती होते. वडे तळल्या तळल्या ताटात पडायला हवेत, म्हणजे मिस्सेहून आलेली बाई साडी बदलून थेट कढईपुढे उभी. ओट्यावर गप्पा रंगतात, शेवटचा वडा निघेपर्यंत दोन वाजतात आणि मग भांडी. तिचा अर्धा तास कुठून काढणार? सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट रस्सा) शनिवारी शिजवलं तर व्हिनेगरमुळे रविवारी उलट जास्त मुरतं; नुसतं गरम करायचं आणि बेकरीचा पाव आणायचा. वडे दुसऱ्या वारी करा. भांडी पुरुषांनी घासावीत, हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

दुसरं, बागेतल्या नेपाळी गड्यांचं काय? मालक मिस्सेला आणि गडी रविवारीच गवत काढतोय, पेट्या ठोकतोय, असं असेल तर बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं ५:१४ वाचा. तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असं तिथे कारणासह लिहिलेलं आहे. रविवारची मजुरी न कापता सुट्टी द्यायची तयारी आहे का? कलमबागवाले दादा, यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही.

वेंगुर्ला_कलमबाग

मावशी, हा मुद्दा मान्य. मजुरी महिन्यावर ठरवली तर रविवार कापायचा प्रश्नच येत नाही. रोजावरच्या गड्यांचा दर ठरवतानाच सातव्या दिवसाचे पैसे त्यात धरावे लागतील. पेटीमागे खर्च वाढेल, तो सोसायला हवा.

सावंतवाडी_एकांत

चर्चा सगळी सुट्टीवर चालली आहे, चिंतन मागेच राहिलं. रविवारच्या अर्ध्या तासावर मी विसंबणार नाही. सहा दिवस मन एकदाही थांबलं नसेल तर त्या अर्ध्या तासात डुलकी तरी लागते किंवा हातात मोबाईल येतो. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत, रोज पंधरा मिनिटांत होतात: आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा एकेक तास डोळ्यांपुढून नेणं, चुकलं तिथे क्षमा, शेवटी पुढच्यासाठी एकच निश्चय. दिवस तपासायला निम्मा वेळ द्यावा. बरेच जण आभार गाळून थेट चुकांवर येतात, मग ती नुसती पापांची यादी होते आणि आठवडाभरात कंटाळा येतो. अंथरुणात पडून करू नये. वेळ बघायला मोबाईल नको, भिंतीवरचं घड्याळ पुरे.

अर्नाळा_डोलकर

हंगामात रात्री नऊला डोळे उघडे कुणाचे राहतात?

सावंतवाडी_एकांत

मग रात्री करूच नका. इग्नेशियसने दोन वेळा सांगितल्या आहेत, त्यातली एक दुपारची. बागेत दहा ते चार उन्हामुळे तोडणी बंदच असते. जेवणाआधीची पंधरा मिनिटं घ्या, जेवणानंतर झोप येते. डोलीवर दोन पाण्यांच्या मधे थांबावं लागतंच, जाळं ओढायची वेळ होईपर्यंत तिथेच बसून होतं. आणि मावशी, घरातल्या बाईला ही पंधरा मिनिटं मिळायची असतील तर तेवढा वेळ चुलीपुढे दुसऱ्या कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. कुणी, ते घरात आधीच ठरवून ठेवा.