‘ओव्हरसीज टेरिटरी’ची ‘स्क्रूटिनी’ : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. ब्रिटिश संसदेची समिती सरकारच्या ‘ओव्हरसीज टेरिटरी’विषयक धोरणाची ‘स्क्रूटिनी’ करते, असं त्यात वारंवार येतं. ‘परदेशी प्रांताची तपासणी’ पटत नाही. आणि ‘ऑर्डर इन कौन्सिल’ला वटहुकूम चालेल का?

प्रतिसाद : ‘परदेशी’ नकोच. ब्रिटनच्या लेखी तो परदेश नाही आणि मॉरिशस तर ती बेटं आपलीच मानतो. ‘सागरपार प्रदेश’ लिहा, पण २००२ नंतरच्या काळासाठी. त्या वर्षीच्या कायद्याने हे नाव आलं. १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात ते ‘आश्रित प्रदेश’ होते. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस मॉरिशसपासून तोडलं, तेव्हाच्या आदेशात तर सरळ ‘वेगळी वसाहत’ असा शब्द आहे. तिथे वसाहतच म्हणा.

नाव बदलून जबाबदारी टाळणं गोव्याने पाहिलंय. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ केले आणि आमच्याकडे वसाहती नाहीतच, असा पवित्रा घेतला. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह त्या प्रदेशांची यादीच ठरावात घालून तो अमान्य केला.

चागोसमध्ये माणसांचंच नाव बदललं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना लंडनच्या अधिकाऱ्यांनी कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ ठरवलं, कारण कायमचे रहिवासी मान्य केले की संयुक्त राष्ट्रांना उत्तर देणं आलं. दिएगो गार्सिया या चागोसमधल्या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकी लष्करी तळ हवा होता. १९७३ पर्यंत बेटं रिकामी झाली. बदल्यात अमेरिकेकडून पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला मिळालेली १.४ कोटी डॉलरची सूट संसदेला सांगितलीच नाही. म्हणून लेखात ‘कंत्राटी मजूर’ आलं तर ते अवतरणचिन्हांतच ठेवा, कृपा करून.

‘स्क्रूटिनी’ला ‘छाननी’ रूढ आहे आणि करारांच्या बाबतीत चपखल बसतो : २०१० च्या कायद्याप्रमाणे करार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो. पण समिती मंत्र्याला बोलावते, साक्षी घेते, कागद मागते, अहवाल देते आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावं लागतं. याला आपल्याकडे ‘जाब विचारणं’ म्हणतात. २००२ मध्ये कैदी नेणारी दोन अमेरिकी विमानं दिएगो गार्सियावर उतरली होती, ही कबुली परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत दिली. त्याआधी सरकार असं काही घडलं नसल्याचंच सांगत आलं होतं. त्याच वर्षी परराष्ट्र व्यवहार समितीने चागोसवासीयांना परतू देण्याला भक्कम नैतिक आधार आहे, असं अहवालात लिहिलं. इथे ‘समितीने छाननी केली’ अगदीच मिळमिळीत वाटतं.

दुसरा प्रतिसाद : वटहुकूम चुकीचा ठरेल. आपल्याकडे वटहुकूम पुढच्या अधिवेशनात सभागृहापुढे मांडावाच लागतो, नाहीतर तो गळतो. जून २००४ मध्ये चागोसवासीयांची परतीची वाट बंद करणारे ‘ऑर्डर इन कौन्सिल’, म्हणजे राणीच्या नावाने निघणारे आदेश, तिच्या विशेषाधिकारात निघाले. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. ‘राजादेश’ लिहा.

प्रश्नकर्ती : आभार! ‘रीसेटलमेंट’ला ‘पुनर्वसन’ लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

पहिला प्रतिसादक : नाही, तेही बदला. आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की धरणग्रस्तांना दुसरीकडे दिलेली जमीन आणि घरं डोळ्यांपुढे येतात. चागोसच्या चर्चेत ‘रीसेटलमेंट’ म्हणजे मूळ बेटांवर परत जाऊन राहणं. नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने त्याला नकार दिला आणि त्याच निवेदनात, जिथे आहेत तिथेच राहणाऱ्या चागोसवासीयांसाठी दहा वर्षांत ४ कोटी पौंडांची मदत जाहीर केली. ‘पुनर्वसन नाकारलं, मदत दिली’ असं छापलं तर वाचक गोंधळेल. ‘बेटांवर परत वस्ती करू द्यायला नकार दिला’ असं लिहा, लांबलं तरी चालेल.