मदत हवी आहे: बैल रस्त्यावरून शेतात घुसला तर कॅटल ट्रेसपास होतो का?

नमस्कार मंडळी. टॉर्ट्सच्या (नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांचा कायदा) सराव प्रश्नात अडकलोय.

अ आपले बैल रस्त्याने हाकत नेतोय, सोबत त्याचा कुत्रा. एक बैल बिथरून ब च्या बिनकुंपणाच्या शेतात शिरतो, उभं पीक तुडवतो, हाकलायला आलेल्या ब ला शिंगावर घेतो. तेवढ्यात कुत्रा ब च्या कोंबड्या मारतो. अ कशाकशाला जबाबदार?

कॅटल ट्रेसपासला, म्हणजे गुरं-घोडे दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याबद्दलच्या दाव्याला, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. एलिस विरुद्ध लॉफ्टस आयर्न कंपनी (१८७४) मध्ये तर घोडा स्वतःच्याच जागेत उभा होता. तारेच्या कुंपणातून तो शेजारच्या घोडीला चावला, लाथा मारल्या, आणि तेवढ्यावर ट्रेसपास झाला! मग टिलेट विरुद्ध वॉर्ड (१८८२) मध्ये अख्खा बैल लोखंडी सामानाच्या दुकानात शिरून नासधूस करतो, तरी मालक सुटतो. हे कसं काय? गाइडमध्ये 'हायवेचा अपवाद' एवढंच छापलंय. गाइडवाल्यांना कारण लिहायची ॲलर्जी असावी. शिवाय कुंपण नसणं ब ला भोवेल का?

उत्तर:
कुंपणाचं आधी निकालात काढू. जनावर आवरायची जबाबदारी मालकाची, शेजाऱ्याने ते अडवायची नाही. ब वर कुंपण घालायचं वेगळं बंधन नसेल, तर तो मुद्दा सोडून द्या.

खरी मेख रस्त्याची. रस्त्यालगत जमीन असणाऱ्याने रहदारीची नेहमीची जोखीम पत्करलीय असं कायदा धरतो. त्यामुळे जनावर रस्त्यावर रीतसर नेलं जात असेल, तर निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. टिलेटमध्ये तो नव्हता. एलिसमध्ये रस्त्याचा संबंधच नव्हता.

शिंगाची जखम: वर्मल्ड विरुद्ध कोल (१९५४) नुसार कॅटल ट्रेसपासमध्ये शारीरिक इजेची भरपाईही मिळते. इंग्लंडात १९७१ च्या ॲनिमल्स ॲक्टने हा जुना टॉर्टच रद्द केला, आणि त्याजागी आलेलं कलम ४ फक्त जमीन नि मालमत्तेपुरतं आहे. पण तुमच्या प्रश्नात रस्ता आडवा येतो, म्हणून वर्मल्ड ओढून आणू नका. उरतात निष्काळजीपणा आणि सायंटर, म्हणजे हा बैल मारका आहे हे अ ला आधीपासून ठाऊक असणं.

कुत्रा 'कॅटल'मध्ये मोडत नाही, मांजरही नाही. बकल विरुद्ध होम्स (१९२६) मध्ये मांजराने शेजाऱ्याची कबुतरं मारली, मालक जबाबदार ठरला नाही. कॉमन लॉप्रमाणे (कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा) कोंबड्यांसाठीही सायंटर किंवा निष्काळजीपणाच लागेल. अ ने कुत्रा मुद्दाम सोडला असता, तर तो अ चा स्वतःचाच ट्रेसपास.

बैल बिथरला तेव्हा अ काय करत होता, हे प्रश्नात दिलंय का?

प्रश्नकर्ता:
दिलंय. 'अ बराच मागे राहून मोबाइलवर बोलत होता.'

उत्तर:
मग हेच वाक्य पकडा. पीक, जखम, कोंबड्या तिन्ही निष्काळजीपणाखाली घ्या. टिलेट आधी सांगून, इथे तो अ ला का वाचवत नाही ते लिहा. एलिसला दोन ओळी बास.