ट्रायलोबाइट आणि समुद्री शंखाचा जीवाश्म घ्यायचाय, खरा कसा ओळखायचा?

रानवाट: शाळेच्या विज्ञानकोपऱ्यासाठी एक ट्रायलोबाइट (नामशेष झालेला, कवचधारी समुद्री प्राणी) आणि एक समुद्री गोगलगाय हवी आहे, दोन्ही जीवाश्म. मुलं हाताळणार. मोरोक्कोचा काळाभोर फाकॉप्स (ट्रायलोबाइटचाच एक प्रकार), डोळे-काटे सगळं शाबूत, पंधराशेला दिसतोय. ‘टरिटेला अॅगेट’ही (गोगलगायींचे जीवाश्म असलेला दगड) बघून ठेवलंय. घेऊ का?

खडकफोड्या: फाकॉप्सला काटे नसतातच, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मोरोक्कोतल्या अल्निफ-एरफूदकडचे ट्रायलोबाइट कठीण चुनखडीत असतात. खडक फोडताना प्राणीही आडवा तुटतो. मग तुकडे जोडून वरचा दगड बारीक सुईयंत्राने कणाकणाने उडवतात. म्हणून दगडातून निघून थेट अंगावरून जाणारी भेग ही चांगली खूण. अंगाशी येऊन थांबली तर अंग वरून बसवलेलं समजा. 10 पट भिंगातून डोळा बघा: मणी ओळीत आणि सुटे दिसायला हवेत. रेझिनच्या साच्यात ते बुजतात आणि खाचांत बुडबुड्यांची गोल भोकं राहतात. विक्रेत्याकडे डोळ्याचा जवळून फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

घरी आल्यावर 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. एखादी रेघ चमकली तर जोड आहे, ते चालतं. अख्खं अंग चमकलं तर परत पाठवा. व्हिनेगर टाकून फेस बघायच्या भानगडीत पडू नका. नकली मालातही दगडाची पूड मिसळतात, तोही फसफसतो, आणि खरा असेल तर कवच खाल्लं जातं.

तिसऱ्या_सुकं: मुलांसाठी अमेरिकेतल्या यूटाचा एल्रेथिया किंगाय हा ट्रायलोबाइट घ्या. व्हीलर शेल या खडकथरातला, सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचा. दगडातून सुटा निघतो, पोटाकडून कॅल्साइटचा थर असल्याने दणकट असतो. मुबलक मिळतो, त्यामुळे नकली करण्यात कुणाला फायदा नाही. डोक्याच्या कडेचे गालाचे तुकडे नसले तर बिचकू नका, बऱ्याचदा ती टाकलेली कात असते.

‘टरिटेला अॅगेट’मधली गोगलगाय वायोमिंगच्या गोड्या पाण्यातली, एलिमिया टेनेरा. तुमच्या कामाची नाही. मोरोक्कोची पॉलिश केलेली गोल चकती ‘शंख’ म्हणून विकतात, ती गोनिएटाइट, म्हणजे माखलीच्या गोतावळ्यातली. कापलेल्या बाजूला आडव्या भिंतींचे कप्पे दिसले की ओळखा.

फ्रान्सच्या पॅरिस खोऱ्यातले इओसीन काळातले शंख मागवा. समुद्री आहेत आणि सुटे मिळतात, फक्त भुसभुशीत असतात. ते घट्ट करायला 100 मिली अॅसिटोनमध्ये 5 ग्रॅम पॅरालॉइड बी-72 (पारदर्शक अॅक्रिलिक रेझिन) विरघळवून ब्रशने पातळ हात द्या. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको.

रानवाट: आत्ता जुलैत केलं तर?

तिसऱ्या_सुकं: थांबा. दमट हवेत अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, ओल धरतो आणि वर पांढुरकी साय येते. आलीच तर नुसतं अॅसिटोन फिरवून पुसा.

खडकफोड्या: आणि शंख नव्या प्लायच्या कपाटात बंद करू नका. त्यातल्या आम्लवाफेने वर पांढरी पूड धरते. प्लास्टिकची डबी बरी, आत ठिकाण, थर आणि काळ लिहिलेली चिठ्ठी.